जन्मल्या दिवशीची लस का चुकते?

शनिवारी रात्री अकरा वाजता एखाद्या ग्रामीण रुग्णालयात बाळ जन्मलं, तर त्याला हिपॅटायटिस बीची पहिली लस कधीपर्यंत मिळायला हवी? सरकारी वेळापत्रकाप्रमाणे जन्मल्याबरोबर, आणि काही झालं तरी चोवीस तासांच्या आत. म्हणजे रविवारी रात्री अकराच्या आत. आता रविवारी लसीकरणाची खोली बंद, चावी ज्या सिस्टरकडे त्यांची सुट्टी. सोमवारी सकाळी बाळंतिणीच्या घरचे गाडी ठरवून दारात उभे. मग कुणीतरी सांगतं, "बुधवारी लसीकरणाचा दिवस असतो, तेव्हा आणा." बाळ दवाखान्यातच जन्मलं, लसही त्याच दवाखान्यात होती, तरी चुकली.

इतर लसींना एवढी घाई नसते. बीसीजी लवकर द्यावी हे खरं, पण राहून गेली तर वर्षाच्या आत देता येते. पोलिओच्या जन्मवेळच्या थेंबांना पंधरा दिवसांची मुभा आहे. हिपॅटायटिस बीच्या पहिल्या डोसला मात्र दिवस नाहीत, तास मोजून दिलेले आहेत. त्यामागचं कारण यकृताला सूज आणणाऱ्या, म्हणजे एका प्रकारची कावीळ करणाऱ्या, या विषाणूच्या स्वभावात आहे.

आपल्याकडे कावीळ म्हटलं की पिवळे डोळे, गडद लघवी, उसाचा रस, बिनतेलाचं जेवण आणि कुणाकुणाच्या गळ्यात औषधी माळ, असं चित्र उभं राहतं. ती कावीळ बहुतेकदा दूषित पाण्यातून आलेली, ए किंवा ई विषाणूची असते आणि बहुतेकांची आपोआप बरी होते. बी विषाणू पाण्यातून किंवा जेवणातून येत नाही. तो रक्तातून आणि शरीरातल्या इतर स्रावांतून पसरतो: दूषित सुई, न तपासलेलं रक्त, असुरक्षित शरीरसंबंध, आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. (जन्मल्यावर दोन-तीन दिवसांनी अनेक बाळं पिवळी दिसतात, ती कावीळ निराळीच. तिचा या विषाणूशी संबंध नाही, आणि ती दिसते म्हणून ही लस थांबवायचंही कारण नाही.)

हा विषाणू कोणत्या वयात अंगात शिरतो, यावर पुढचं सगळं ठरतं. धडधाकट मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त जण त्याला काही महिन्यांत हुसकावून लावतात. एक ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये साधारण तीस ते पन्नास टक्क्यांच्या शरीरात तो कायमचा राहतो. आणि जन्मताना लागण झालेल्या बाळांपैकी नव्वद टक्क्यांच्या शरीरात तो मुक्कामालाच येतो.

वाचताना हे उलटंच वाटतं, कारण कावीळ झालेला तरुण अंथरुणाला खिळतो आणि लागण झालेलं बाळ छान दूध पितं, वजन धरतं, हसतं. पण तरुणाला जो त्रास होतो तो मुख्यतः विषाणूमुळे होत नसून त्याच्या प्रतिकारशक्तीने विषाणू असलेल्या यकृताच्या पेशींवर केलेल्या हल्ल्यामुळे होतो. ताप, मळमळ, पिवळे डोळे ही त्या झटापटीची चिन्हं. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती अजून अजाण असते. तिला हा पाहुणा परका वाटतच नाही. झटापट नाही, म्हणून लक्षणंही नाहीत. विषाणू यकृतात शांतपणे राहतो, आणि तीस-चाळीस वर्षांनी कधीतरी पोटात पाणी होतं, रक्ताची उलटी होते किंवा सोनोग्राफीत गाठ दिसते. "आयुष्यात दारूला शिवला नाही, मग लिव्हर कसं गेलं?" असं घरचे विचारतात. बाळपणी लागण झालेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा पुढे यकृताच्या सिऱ्होसिसने (यकृत कडक होऊन निकामी होण्याने) किंवा कर्करोगाने दगावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात हा विषाणू अंगात घेऊन जगणारे २ कोटी ९८ लाख लोक होते. त्यांतल्या बहुतेकांना ते माहीतही नसतं.

आता चोवीस तासांचं गणित. आईच्या पोटात असताना बाळाला लागण होणं तसं विरळ. बहुतेक वेळा ती होते प्रत्यक्ष बाळंतपणात, बाळाचा आईच्या रक्ताशी आणि स्रावांशी संबंध येतो तेव्हा. आईच्या रक्तात विषाणू जोरात असेल आणि बाळासाठी काहीच केलं नाही, तर लागण होण्याची शक्यता सत्तर ते नव्वद टक्के. म्हणजे बाळ जन्मतं तेव्हा धोका टळलेला नसतो, तो नुकताच घडून गेलेला असतो. कुत्रा चावल्यावर आपण रेबीजची सुई टोचून घेतो, तसाच हा प्रकार आहे. विषाणू आत शिरला तरी यकृतात पाय रोवायला त्याला वेळ लागतो. त्याआधी लसीने शरीराला जागं करायचं. ही शर्यत लस जिंकते, पण तिला वेळेवर सोडली तरच. जसजसा एकेक दिवस जातो, तसतसा तिचा उपयोग कमी होत जातो.

लस म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं एक प्रथिन. ते यीस्टमध्ये तयार करतात. त्यात जिवंत किंवा मेलेला अख्खा विषाणू नसतो, कुणाचं रक्त नसतं, त्यामुळे लसीनेच हा आजार होणं शक्य नाही. मात्रा अर्धा मिली, जागा मांडीची पुढची-बाहेरची बाजू. नंतर थोडी लाली, थोडं दुखणं, क्वचित बारीक ताप. कमी वजनाच्या बाळालाही जन्मवेळचा डोस देतात. पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून मिळतात. त्या एकाच सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिब (न्यूमोनिया-मेंदूज्वर करणारा एक जिवाणू) आणि हिपॅटायटिस बी अशा पाच आजारांवरची लस असते. पेंटाव्हॅलंट मिळणारच आहे, मग जन्मवेळची कशाला, असं सुशिक्षित घरांतही विचारलं जातं. पेंटाव्हॅलंट पुढच्या आयुष्यातल्या लागणीपासून वाचवते. बाळंतपणात शिरलेला विषाणू सहा आठवडे तिची वाट बघत बसत नाही.

आई पॉझिटिव्ह असल्याचं आधी कळलं तर आणखी दोन हत्यारं हाताशी असतात. पहिलं, तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, इम्युनोग्लोब्युलिन. डॉक्टर मंडळी त्याला एचबीआयजी म्हणतात. ते शक्यतो बारा तासांच्या आत, लसीबरोबरच, पण दुसऱ्या मांडीत. ते महाग असतं, पण २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ते मोफत देण्याची तरतूद आहे. दुसरं, आईच्या रक्तात विषाणूचं प्रमाण फार असेल तर गरोदरपणाच्या अठ्ठावीसाव्या आठवड्यापासून तिला विषाणू दाबून ठेवणाऱ्या टेनोफोव्हिरच्या गोळ्या. लस, एचबीआयजी आणि पुढचे सगळे डोस वेळेवर मिळाले तर दहातली नऊच्या आसपास बाळं वाचतात, आणि आईला गोळ्याही मिळाल्या तर त्याहून जास्त. पण एचबीआयजी तालुक्याच्या ठिकाणी रात्री दोन वाजता मिळत नाही. म्हणून आठव्या-नवव्या महिन्यात "पॉझिटिव्ह आहे" एवढं नुसतं कळून भागत नाही. ते इंजेक्शन कुठे ठेवलंय, कोण आणणार, हे बाळंतपणाच्या आधीच ठरलेलं असावं लागतं.

मग सगळ्याच बाळांना लस कशाला, ज्यांच्या आया पॉझिटिव्ह आहेत त्यांनाच द्या की. हा प्रश्न सध्या पुन्हा डोकं वर काढतोय. अमेरिकेतल्या लस सल्लागार समितीने डिसेंबर २०२५ मध्ये, आई निगेटिव्ह असेल तर जन्मवेळचा डोस द्यायचा की नाही हे पालकांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं, अशी शिफारस केली, आणि फॅमिली ग्रुपवर "बघा, अमेरिकेने पण बंद केली" असे फॉरवर्ड फिरू लागले. बंद केलेली नाही. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर सगळ्या बाळांना जन्मताच डोस देण्याचा सल्ला कायम ठेवला. शिवाय निवडक बाळांना लस देण्याचा प्रयोग अमेरिकेने ऐंशीच्या दशकात करूनच बघितला होता. तो पुरा पडला नाही, म्हणून १९९१ मध्ये सरसकट लस आली.

आपल्याकडे तर निवडक बाळांना लस देण्याचा प्रयोग मुळीच चालण्यासारखा नाही. गरोदर बाईची रक्ततपासणी सगळीकडे होते असं नाही. झाली तर रिपोर्ट हरवतो. तिसऱ्या महिन्यात निगेटिव्ह आलेल्या बाईला सातव्यात लागण होऊ शकते. आणि बाळाला विषाणू देणारी आईच असते असंही नाही. घरातलं दुसरं कुणी पॉझिटिव्ह असेल, जखम किंवा खरचटलेली कातडी असेल, तर लहान मुलाला तिथूनही तो लागतो. सरसकट लस ही या सगळ्या चुकांविरुद्धची ढाल आहे, आणि ती स्वस्त आहे. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये पहिली देशी हिपॅटायटिस बी लस बाजारात आणल्यापासून तिची किंमत घसरत गेली. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात ती २००२-०३ मध्ये काही जिल्ह्यांत आणि शहरांत प्रायोगिक म्हणून आली, आणि २०११ पासून देशभर.

फायदा खरंच होतो का, हे बघायला तैवानकडे आणि चीनकडे पाहावं. तैवानने १९८४ मध्ये पॉझिटिव्ह आयांच्या बाळांपासून सुरुवात केली आणि १९८६ पासून सगळ्या नवजातांना लस दिली. तिथे दहा टक्क्यांच्या आसपास मुलांमध्ये असलेला हा विषाणू पुढच्या पिढीत एका टक्क्याच्या खाली आला, आणि मुलांमधला यकृताचा कर्करोगही घटला. चीनमध्ये १९९२ मध्ये पाच वर्षांखालच्या जवळपास दहा टक्के मुलांच्या रक्तात विषाणू सापडत होता. २०१४ पर्यंत ते प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेलं. चीनची यातली युक्ती मला सगळ्यात आवडते: ज्याने बाळंतपण केलं, त्यानेच पहिला डोस द्यायचा. लसीकरण विभागाची वाट बघायची नाही. लसीबरोबर तिथे दवाखान्यातली बाळंतपणंही वाढवली गेली, कारण घरी जन्मलेल्या बाळापर्यंत चोवीस तासांत सुई पोचवणं त्यांनाही जड गेलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही नावाला लस आहे, प्रत्यक्षात ती बाळंतपणाच्या सेवेची परीक्षा आहे. बाई कुठे बाळंत झाली, किती वाजता, आणि तिथे त्या वेळी कोण हजर होतं, यावर डोस मिळणार की नाही हे ठरतं.

महाराष्ट्राचा आकडा वरवर चांगला दिसतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आढळली. देशाचा आकडा ८८.६. उरलेली शंभरातली पाच मात्र राज्यभर सारखी विखुरलेली नाहीत. ती धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर असतात, जिथे गरोदर बाईला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात आणि नर्मदेच्या काठच्या गावांना बोटीतली अॅम्ब्युलन्स लागते. ती मेळघाटात असतात. भामरागडला असतात, जिथे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तालुकाच तुटतो. अशा भागांसाठी 'माहेरघर' योजना आहे: तारीख जवळ आली की बाईने आरोग्य केंद्राशेजारच्या खोलीत येऊन राहायचं, जेवण-देखभाल तिथेच. कल्पना उत्तम. पण घरी दोन लहान पोरं, गुरं आणि शेत टाकून आठ दिवस आधी जाऊन बसणं किती जणींना जमतं?

आणि बीडच्या ऊसतोड बाया. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, तेव्हा नवरा-बायकोच्या जोडीने मिळून एक 'कोयता' म्हणून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते. बाई सातव्या-आठव्या महिन्यात असली तरी पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडावर जाते. तिची नोंद गावच्या आशाताईंच्या वहीत, ती स्वतः दोनशे-तीनशे किलोमीटर लांब कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. तिथल्या आशाला ती आपल्या हद्दीत आल्याचं कळायलाच वेळ लागतो. कोपीत बाळ झालं तर नाळ कापायला शेजारची बाई येते. चोवीस तासांत लस घेऊन कुणी येण्याची शक्यता फार थोडी.

यात एक बारकावा आहे. आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करतात, ताप बघतात, पण इंजेक्शन देत नाहीत. ते काम एएनएम सिस्टरचं, म्हणजे प्रशिक्षित परिचारिकेचं. घरी झालेल्या बाळंतपणात आशाची पहिली भेट पहिल्याच दिवशी अपेक्षित असते, मात्र तिच्या पिशवीत ही लस नसते. इंडोनेशियात सुईणींना एकाच डोसची, आधीच भरलेली, पुन्हा न वापरता येणारी सुई देऊन घरोघरी हा डोस दिला गेला. ही लस उष्णता बऱ्यापैकी सोसते, गोठली तर मात्र निकामी होते. त्यामुळे काही काळ फ्रिजबाहेर राहिली तरी चालण्यासारखी असते. आपल्या दुर्गम तालुक्यांत असं काही का होऊ नये, हे मला कळत नाही.

पण चुकलेले सगळे डोस डोंगरातले नाहीत, आणि हेच मनाला जास्त लागतं. लस येते दहा डोसच्या कुपीत. रात्री एकच बाळ जन्मलं की सिस्टरच्या मनात येतं, एका बाळासाठी कुपी फोडायची, नऊ डोस वाया जातील, वरून विचारणा होईल. बीसीजीच्या बाबतीत ही भीती रास्त आहे. ती कुपी फोडली की चार तासांत टाकावी लागते. म्हणून दवाखाने पाच-सात बाळं जमली की बीसीजी काढतात. हिपॅटायटिस बीची कुपी मात्र नीट थंड ठेवली तर फोडल्यावर अठ्ठावीस दिवस वापरता येते. लेबलवर तारीख आणि वेळ टाकायची, की झालं. तरी सवयीने ही लसही बीसीजीच्या रांगेत उभी केली जाते. दोन्ही एकत्र, लसीकरणाच्या दिवशी. इथेच चोवीस तास निसटतात.

शहरातल्या खासगी नर्सिंग होममध्ये वेगळं कारण. बालरोगतज्ज्ञ बाहेरून येतात, लस "डिस्चार्जच्या वेळी देऊ" असं ठरतं, आणि सिझेरियन असेल तर डिस्चार्ज चौथ्या-पाचव्या दिवशी. वातानुकूलित खोली, सव्वा लाखाचं बिल, आणि डोस पाड्यावरच्या बाळाइतकाच चुकलेला. यात भर घरातल्या मोठ्या बायकांची: "एवढ्याशा जिवाला लगेच कशाला टोचता, पाचवी तरी होऊ द्या." त्या मायेने बोलतात. त्यांना कारण समजावून सांगितलं तर त्याच आजी मग सिस्टरच्या मागे लागतात, हा माझा अनुभव आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीतही इथे आड येते. तपासण्या सासरच्या गावात, रिपोर्ट सासूच्या कपाटात, आणि कळा येतात माहेरच्या तालुक्यात. तिथल्या डॉक्टरांना आईचा रिपोर्ट काय होता हेच माहीत नसतं. सातव्या महिन्यात माहेरी निघताना साड्यांच्या आधी माता-बाल संरक्षण कार्ड आणि रक्ताचे सगळे रिपोर्ट पिशवीत टाकावेत. रिपोर्टवर हिपॅटायटिस बीची तपासणी एचबीएसएजी किंवा जुन्या सवयीने 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' या नावाने असते. ती झालीच नसेल तर सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तिथे मागता येते.

रिपोर्ट 'रिअॅक्टिव्ह', म्हणजे पॉझिटिव्ह, आला तर बाईची वेगळीच फरफट सुरू होते. आठव्या महिन्यापर्यंत तपासणारा दवाखाना अचानक "तुमची केस मोठ्या हॉस्पिटलला न्या" म्हणतो. फाइलवर लाल अक्षरांत शेरा, खाट कोपऱ्यात, आणि सासरी कुजबुज की हे कुठून आणलं. बहुतेकदा तिला ते लहानपणीच, कधी तिच्याच आईकडून जन्मतानाच, मिळालेलं असतं. तिचा त्यात दोष काय? हातमोजे, सुयांची विल्हेवाट हे नियम प्रत्येक बाळंतपणात पाळायचेच असतात, त्यामुळे फक्त या कारणावरून बाईला नाकारण्याला आधार नाही. केवळ यासाठी सिझेरियनही करावं लागत नाही. तिने बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही. घरच्यांनी एका ताटात जेवायला हरकत नाही. नवऱ्याने आणि घरातल्या इतरांनी तपासणी करून लस घ्यावी, आणि दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश वेगळा ठेवावा, एवढंच. बाळाची तपासणी मात्र घाईने करू नये. लसीनंतर काही दिवस रक्तात लसीचंच प्रथिन सापडून चुकीचा पॉझिटिव्ह रिपोर्ट येऊ शकतो. बाळ नऊ ते बारा महिन्यांचं झाल्यावर, सगळे डोस पूर्ण झाल्यावर ती करायची.

बाळंतपणाच्या रात्री घरच्या लोकांना बाकी काही सुचत नसलं तरी एक काम कुणीतरी एकाने अंगावर घ्यावं: बाळ जन्मल्याची वेळ लिहून ठेवायची आणि तासाभरात लेबर रूमच्या सिस्टरना विचारायचं, "हिपॅटायटिसची जन्मवेळची लस दिली का?" "उद्या देऊ" असं उत्तर आलं तर "किती वाजता, कोण देणार" हेही विचारायचं. यात उद्धटपणा काही नाही. कार्डावर बहुधा फक्त तारखेची जागा असते, म्हणून शेजारी वेळही लिहून घ्यावी.

आणि चुकलीच असेल तर? आपल्या सरकारी वेळापत्रकात चोवीस तासांनंतर हा डोस देत नाहीत, थेट सहा आठवड्यांची पेंटाव्हॅलंट सुरू करतात. जागतिक आरोग्य संघटना मात्र सांगते की उशिरा का होईना, पुढच्या डोसच्या आधी तो द्यावा, फायदा कमी झाला तरी शून्य होत नाही. त्यामुळे आई पॉझिटिव्ह असेल, किंवा तिची तपासणीच झालेली नसेल, तर सव्वा महिना संपायची वाट न बघता त्याच आठवड्यात बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावं आणि उशिराचा डोस देता येईल का, हे विचारावं. जाताना आईच्या रक्ताचा रिपोर्ट सोबत ठेवावा. तपासणी झालेली नसेल तर आईचं रक्त त्याच दिवशी द्यावं.